कवटीवरचं नाव

हिंटरक्लाम
३० ऑगस्ट १९०८

चि. विगिल यास,
बुर्गीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं जूनमधलं पत्र मिळालं. उत्तर द्यायला ऑगस्ट संपत आला, पण तू तरी कुठे आठ दिवसांत उत्तर देतोस! दुसरं गवत कापून झालं, आता पाठीला पाठ म्हणवत नाही. नदी यंदा फारच आटली आहे. मोइदी चपला हातात घेऊन पलीकडे जाते नि येते. मी ओरडते, ती हसते. बारा वर्षांची झाली तुझी भाची, आणि तोंड सगळं बापाचं. परवा तिला पुन्हा काठच्या वाळुंजाच्या मुळांत अडकलेली तसली एक फळी सापडली. वर काळा पाव बांधलेला, पावावर मेणाचे थेंब. वर्षातून पाच-सहा तरी येतात वाहत. वरच्या खोऱ्यातल्या लोकांचा काही नवस असेल. आपल्या कोंबड्यांची मात्र चैन असते.

आता मुद्द्याचं. सेप आला होता, तोच आपला थडगी खणणारा. अजून तसाच आहे, बोलताना तुझ्याकडे बघायचं सोडून तुझ्या उंचीकडे बघतो. म्हणाला, की बाई, रोमेदची बारा वर्षं भरली, हाडं वर काढून जागा मोकळी करायला हवी, गिरणीवाल्याची म्हातारी दोन दिवसांची सोबती आहे. मला वाईट वाटेल असं त्याला वाटत होतं. मला खरं सांगू? आनंद झाला. बंद पेटीतून आणलास तू त्याला. ऑगस्टचा उकाडा, कोणी झाकण उघडू दिलं नाही. नवऱ्याचं तोंड शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात, आकडीची काठी खांद्यावर टाकून तो नदीत अडकलेले ओंडके सोडवायला निघाला तेव्हा. आता निदान त्याचं डोकं माझ्या हाताने धुवेन, उन्हात वाळवेन. पुढच्या तुटक्या दाताच्या फटीतून तो शीळ घालायचा, आठवतं? ती फट बघून हजारांत ओळखेन त्याला.

तर तुला यायचंय. आबांची कवटी तू रंगवलीस, आईची तू रंगवलीस, अस्थिघरातल्या निम्म्या कपाळांवर आबांचा नाहीतर तुझा हात आहे. इन्सब्रुकच्या नवऱ्या मुलींच्या कपाटांवर गुलाब काढतोस तसे चार दिवस मेव्हण्याच्या कपाळावर ओकची पानं काढ. मृतांच्या सणाच्या आत व्हायला हवं. अकरा वर्षं तू गावात पाय ठेवला नाहीस, या वेळी सबब चालणार नाही.

लोभ आहेच. या खेपेला तो टपालाने न पाठवता स्वतः घेऊन ये.

तुझी
ताई


इन्सब्रुक
८ सप्टेंबर १९०८

ती. ताईस,
विगिलचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. मोइदीला नदीत जाऊ देऊ नकोस. पाणी कमी असलं तरी वरून कधी लोंढा येईल सांगता येत नाही, हे मी तुला सांगायला नको.

ताई, मला येता येणार नाही. सुताराकडे हिवाळ्याच्या लग्नांची चौदा कपाटं पडून आहेत. शिवाय उजवा हात हल्ली थरथरतो. कपाटावर चालून जातं, कपाळावर नाही चालणार. शाळेच्या मास्तरांचा हात बरा आहे, त्यांना विचार. खरं म्हणजे मला वाटतं, आत्ता थडगं उघडूच नये. माती ओली असली की बारा वर्षांत सगळं नीट होत नाही, आबा नेहमी सांगायचे. सेपला म्हणावं, अजून पाच वर्षं राहू दे. नाहीच ऐकलं तर तसंच सगळं अस्थिघराच्या फरशीखाली ठेवायला सांग, पुष्कळांचं ठेवतात. तू मात्र तिथे उभी राहू नकोस. धुवायचं काम सेपच्या बायकोला दे. तुला ते सोसणार नाही. माझं एवढं ऐक.

मोइदीसाठी रंगाची डबी पाठवतो आहे. तुझा लोभ माझ्यावर आहे तसाच राहो, आणखी काही मागत नाही.

तुझा
विगिल


हिंटरक्लाम
२१ सप्टेंबर १९०८

चि. विगिल यास,
ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी थडगं उघडलं. तेव्हा तुझ्या सूचनांचा उपयोग झाला नाही. माती अगदी कोरडी होती, हेही तुला कळवते.

सेपने कवटी माझ्या ओंजळीत ठेवली. मी रडले नाही. घरी आणली, राखेच्या पाण्यात घातली आणि मऊ ब्रशने घासत बसले. घासताना त्याच्याशी बोलत होते मी, मूर्खासारखी. त्याला म्हटलं, मोइदी तुझ्यासारखी हट्टी निघाली. म्हटलं, तुझी ती तपकिरी गाय गेली. मग वरची माती निघाली आणि दात दिसले.

विगिल, सगळे दात आहेत. मोजले. पुढचे चारही शाबूत, पांढरे स्वच्छ. अक्कलदाढा तर अजून उगवायच्याच आहेत. माझा नवरा चौतिसाव्या वर्षी गेला आणि त्याचा पुढचा दात तू लहान असताना तुझ्या डोळ्यांदेखत ओंडक्याने तोडला होता. मेल्यावर दात उगवतात का रे?

सेपला दाखवलं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, की जमीन काय काय करते सांगता येत नाही. पाद्रीबुवांना दाखवलं. ते म्हणाले, दुःखाने माणसाची आठवण दगा देते. दोघांनाही मी घराबाहेर काढलं, पाद्रीबुवांना जरा सभ्यपणे.

नदीच्या खालच्या बंधाऱ्यावर जाऊन प्रेत ओळखलंस तू. एकट्याने. इथून दोन दिवसांची वाट, मला अंगावरची पोर सोडून येता येईना, म्हणून तू गेलास. परत आलास आणि म्हणालास, की ताई, रोमेदच आहे, कमरेचा पट्टा ओळखला. तुझ्या त्या शब्दावर मी बारा वर्षं त्या मातीवर फुलं वाहिली. कवटी खिडकीत ठेवली आहे. मोइदी तिला बाबा म्हणते.

मला एवढंच सांग. रोमेद मेलाय की नाही? आणि माझ्या खिडकीत हे कोणाचं पोर आहे?

लोभाचं तुझं उत्तर आल्यावर बघू.

ताई


इन्सब्रुक
२९ सप्टेंबर १९०८

ती. ताईस,
विगिलचा नमस्कार.

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

रोमेद गेला, ताई. त्यात खोटं काही नाही. वरच्या धरणाचं दार उघडलं, पाणी आलं, अडकलेले ओंडके एकदम सुटले आणि तो त्यांच्याखाली गेला. मी दहा हातांवर उभा होतो. तो वर आला नाही. त्याने दुसरीकडे कुठे चूल मांडली असेल असं मनात आणू नकोस. तो नदीत आहे, कुठे ते मला ठाऊक नाही.

पण तू मानत नव्हतीस. तुला ते दिवस आठवतात की नाही, मला माहीत नाही. रोज संध्याकाळी तू पावावर मेणबत्ती लावून नदीत सोडायचीस, जिथे थांबेल तिथे तो सापडेल म्हणून, आणि काठाने पळत जायचीस. अकरा आठवडे. जेवत नव्हतीस. अंगावरचं दूध आटलं. मोइदी रडायचीसुद्धा थांबली होती. शेजारच्या बायका आळीपाळीने तिला पाजून जायच्या आणि जाताना माझ्याकडे बघायच्या. पंचांनी ठरवलं होतं, की पोर अनाथाश्रमात आणि तुला वेड्यांच्या इस्पितळात. मला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. हे तुला मी कधी सांगितलं नाही.

तेवढ्यात बंधाऱ्यावरून निरोप आला. मी गेलो. चेहरा असा उरलेलाच नव्हता. उंची तेवढीच. पण बूट पायात होते, आणि बुटांचे खिळे आपल्या गावचे नव्हते. आपला चांभार टाचेला नालासारखे ठोकतो, हे तीन-तीनच्या ओळीत होते. मी बघितलं आणि तरी म्हणालो, की हा माझा मेव्हणा. सही केली.

मग तिथल्या देवळात मेणबत्ती लावायला गेलो. दारावर कागद चिकटवला होता. वरच्या खोऱ्यातल्या ग्रीसाउ गावची ओटिलिया नावाची बाई आपल्या मुलाला शोधते आहे. कासियान, वय एकोणीस, ओंडके वाहणारा, सगळे दात चांगले, खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, बुटांना तीन-तीन खिळे. मी तो कागद दोनदा वाचला. मागे फिरून सही खोडता आली असती. मी कागद काढून खिशात घातला. गाडीपाशी येऊन त्याचे बूट काढले आणि पाण्यात फेकून दिले.

अर्ध्या वाटेत मला बारा वर्षांनंतरचं सुचलं. कवट्या रंगवणाऱ्याच्या घरातला मी, आणि आपल्या गावात माणूस मातीतून परत वर येतो हे मला सही करताना आठवलं नाही. म्हणून गाव सोडलं. बाकी सगळ्या सबबी होत्या.

पण पुरून आलो त्या दिवशी तू जेवलीस, ताई. दोन वाट्या जवाचं सूप प्यायलीस आणि झोपलीस. आठवड्याने दूध आलं. मोइदी रडायला लागली. मी दाराबाहेर बसून तिचं रडणं ऐकत होतो. पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करेन, हे मला आजही सांगता येत नाही.

हल्ली कामावरून येताना पुलावर थांबतो. इन नदीला इथे बरीच ओढ आहे.

लोभ असावा असं लिहायचा मला हक्क नाही. तो कागद सोबत ठेवला आहे.

विगिल


हिंटरक्लाम
२ ऑक्टोबर १९०८

विगिल,

पत्र वाचलं. तू मला जेवायला लावलंस ते त्या आईच्या ताटातलं. मी पोटभर जेवले आणि मला कळलंसुद्धा नाही.

उद्या पहाटे ग्रीसाउला निघते आहे. मोइदी सेपच्या बायकोकडे राहील. तिला सांगितलं आहे, की हे बाबा नाहीत, कोणाचा तरी मुलगा आहे आणि त्याला घरी पोचवायचंय. तिने विचारलं, की मग बाबा कुठे आहेत. मी नदीकडे बोट दाखवलं. नंतर ती बराच वेळ कोंबड्यांपाशी बसली होती. त्या वाहत येणाऱ्या फळ्या कशासाठी, ते तिला माझ्याआधी कळलं बहुतेक.

पुलावर थांबायची थेरं बंद कर. एवढं मोठं पाप करून ठेवलंस, आता ते निस्तरायला जागेवर राहा.

बुर्गी


हिंटरक्लाम
१२ ऑक्टोबर १९०८

विगिल यास,

परत येऊन आठवडा झाला. पाय सुजले होते, म्हणून लिहिलं नाही असं म्हणते, पण खरं कारण तसं नाही.

नदीच्या घळीतून वाट नाही हे तुला माहीत आहे. वरच्या कड्यावरून गेले, एक अख्खा दिवस लागला. कवटी रोमेदच्या लग्नातल्या सदऱ्यात गुंडाळून पाठीवरच्या टोपलीत ठेवली होती. ग्रीसाउ म्हणजे सात घरं आणि एक लाकूडकटाईची गिरणी. ओटिलियाचं घर विचारावं लागलं नाही. काठावर एक म्हातारी गुडघे टेकून फळीवर पाव बांधत होती. शनिवार होता.

बारा वर्षं, विगिल. दर शनिवारी. त्यातल्या बहुतेक फळ्या घळीत फुटायच्या. ज्या वाचायच्या त्या आमच्या वाळुंजाच्या मुळांत यायच्या. मी म्हणायचे, कोंबड्यांची चैन आहे. मी स्वतः हेच करत होते रे अकरा आठवडे, आणि मला ते पाव ओळखता आले नाहीत. तू निदान कागद वाचून गप्प बसलास. मी तर दारात आलेली हाक कोंबड्यांना घातली.

काय बोलायचं ते वाटेत घोकत गेले होते. त्यातलं काही आठवलं नाही. टोपली खाली ठेवली आणि सदरा सोडला. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. कवटी मांडीवर घेतली आणि खालच्या दातांवरून अंगठा फिरवला, ते दोन दात एकमेकांवर चढलेत तिथे थांबली. मग त्याला विचारलं, की इतका उशीर का केलास. कामावरून उशिरा आलेल्या पोराला विचारतात तसंच, जरा रागावून. तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तीच मला धरून घरात घेऊन गेली.

घरात दोन ताटं मांडलेली होती. एक तिचं. दुसऱ्याचा चमचासुद्धा घासून लख्ख. मला त्या ताटात वाढायला ती कचरली, मग वाढलं. मी खाल्लं. नाही म्हणायचं तोंड नव्हतं. सगळं सांगितलं तिला, तुझ्या पत्रातलं एक अक्षर गाळलं नाही, पंचांचंही आणि बुटांचंही. ऐकताना ती भांडी घासत होती. बुटांपाशी हात थांबला. म्हणाली, की नवे होते, त्याला चावत होते, दोन दिवस चालला की बसतील असं मीच त्याला म्हटलं होतं.

मग तिने विचारलं, की त्याच्या थडग्यावर कोणी येत होतं का. मी सांगितलं, की माझी मुलगी दर रविवारी फुलं ठेवायची, शाळेतलं सगळं त्याला सांगायची, त्याला बाबा म्हणायची. ती म्हणाली, एकोणिसाव्या वर्षी बाप झाला होय माझा! आणि हसली. विगिल, ती हसली, आणि मला ते तिच्या रडण्यापेक्षा जड गेलं.

निघताना तिने तुझं नाव विचारून घेतलं, आणि काय काम करतोस तेही. शापही दिला नाही, क्षमाही केली नाही. मी विचारलंही नाही. ते तू विचारायचं आहेस. पत्ता खाली देते. तिला पत्र लिही, आणि त्यात स्वतःची कीव करत बसू नकोस.

अस्थिघरात रोमेदची जागा मी राखून ठेवली आहे. तिथे त्याची घरात उरलेली जुनी आकडीची काठी उभी केली. पाद्रीबुवा म्हणाले, की रिकामी जागा ठेवायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग आजपासून आहे.

लोभ अजून हाताला लागत नाही. शोधते आहे. सापडला की कळवीन.

ताई


ग्रीसाउ
२२ ऑक्टोबर १९०८

श्री. विगिल यांस,
कासियानच्या आईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. मला मोठं अक्षरच वाचता येतं, म्हणून गिरणीवाल्याने वाचून दाखवलं. सहा पानं होती. तिसऱ्या पानावर मी त्याला थांबवलं. तुम्हाला किती वाईट वाटतं ते मला समजलं. ते ऐकून माझं काही कमी होत नाही.

तुमच्या बहिणीचं मूल जगलं, हे बरं झालं. मी हे मनापासून लिहिते आहे, आणि मनापासूनच हेही लिहिते, की मला दर शनिवारी तो जिवंत वाटायचा. गिरणीचं दार वाजलं की मी उठायची. बारा वर्षं तुम्ही मला उठबस करायला लावलीत. एका पोराला दूध मिळालं आणि एका म्हातारीची झोप गेली. यात कोणी काय करायला हवं होतं, ते मला ठरवता येत नाही. देव ठरवेल. त्याला पुष्कळ वेळ आहे.

कासियानला आमच्या इथल्या अस्थिघरात ठेवायचं ठरलं. आमच्याकडे रंगवणारं कोणी नाही. तुम्ही रंगवायचं. लग्न न झालेल्यांना गुलाब काढतात, तेव्हा गुलाब काढा. पण कपाटावर काढता तसे फुललेले नकोत, कळ्या हव्यात. नाव मोठं लिहा, मला दिसलं पाहिजे. मेल्याची तारीख मला ठाऊक नाही. जागा कोरी ठेवा. हात थरथरतो असं तुमची बहीण म्हणाली. थरथरू दे. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, नाव दुसऱ्याचं नको.

पुलाचं जे काही लिहिलंय, तेवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तसलं काही करायचं नाही. मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे. मी मेल्यावर मलाही इथेच पुरतील आणि बारा वर्षांनी बाहेर काढतील. माझी जागा त्याच्या शेजारी धरून ठेवली आहे. माझं नाव लिहायला या खोऱ्यात माझं कोणी उरलं नाही. ते तुम्ही लिहायचं. माझ्या मुलाचं काम होतं ते, आता तुमच्याकडे आलं. तोपर्यंत तुम्हाला मरायला मोकळीक नाही.

लोभ वगैरे मी मागत नाही. मृतांचा सण दोन तारखेला, सोमवारी आहे, तुम्ही त्याच्या आदल्या शनिवारी या. कड्यावरची वाट निसरडी झाली आहे, बुटांना चांगले खिळे मारून घ्या. जेवायची वेळ टळली तरी ताट वाढलेलं असेल. मी रोजच वाढते.

ओटिलिया